जमिनीचा घाम : झाडे गेल्यावर माती का तापते?



एप्रिल महिन्यात भर दुपारी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गेलात, तर एक साधीच गोष्ट नजरेस पडते. पालेभाजी विकणाऱ्या बाया मेथी, कोथिंबीर आणि शेपूच्या जुड्यांवर ओले गोणपाट पांघरून ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने त्यावर पाण्याचा हबका मारतात. माझे मंडईत अधूनमधून जाणे असते. अशाच एका दुपारी ओळखीच्या एका मावशींना मी विचारले, "मावशी, सकाळी धुतलेल्या भाजीवर पुन्हा पाणी कशाला?" त्या हसून म्हणाल्या, "फादर, हे धुवायचं पाणी नव्हे, गार ठेवायचं पाणी. पोतं वाळलं की मेथीनं मान टाकलीच म्हणून समजा."

जंगल तुटले की जमीन का तापते, ह्या प्रश्नाचे उत्तर मावशींच्या त्या एका वाक्यात आहे. ओले पोते म्हणजे झाडांनी झाकलेली जमीन. वाळलेले पोते म्हणजे उघडी पडलेली जमीन. ऊन दोघांवर सारखेच पडते. एक गार राहते आणि दुसरी भाजून निघते. असे का होते, आणि आपल्या शहराशी, टेकड्यांशी व आपल्या चर्चच्या आवाराशी त्याचा काय संबंध आहे, ते ह्या लेखात समजून घेऊ या.

हवेचे तापमान आणि जमिनीचे तापमान

वर्तमानपत्रात आपण "पुण्याचा पारा चाळिशीपार" असे वाचतो, तेव्हा ते हवेचे तापमान असते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेची इमारत १९२८ साली उभी राहिली आणि हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तेथे आले. पुण्याच्या तापमानाच्या नोंदी तर त्याहूनही जुन्या आहेत.

परंतु मंडईबाहेर रस्त्याच्या कडेला बसणारी भाजीवाली त्या पांढऱ्या पेटीत बसलेली नसते. ती जमिनीवर बसते. हवा चाळीस अंश असते तेव्हा तिच्या शेजारचे डांबर पन्नास अंशांच्या पुढे गेलेले असते आणि डोक्यावरचा पत्रा त्याहूनही अधिक तापलेला असतो. ह्या प्रत्यक्ष पृष्ठभागाच्या उष्णतेला शास्त्रज्ञ 'भूपृष्ठ तापमान' म्हणतात. तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते. लँडसॅटसारखे उपग्रह ते किरण सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून टिपतात आणि त्यावरून भूपृष्ठाचे तापमान काढले जाते. २०१३ साली सोडलेला लँडसॅट-८ दर सोळा दिवसांनी त्याच भूभागावरून, सकाळच्या उत्तरार्धात जातो. त्याच्या उष्णतामापक चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे शंभर मीटर लांब-रुंद चौकोन व्यापतो. म्हणजे अवघी मंडई आणि तिच्या भोवतालचे रस्ते मोजक्या ठिपक्यांत सामावून जातात.

हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण जंगलतोडीचा पहिला आणि सर्वांत मोठा परिणाम हवेच्या आधी जमिनीच्या तापमानावर दिसतो. हवेचा पारा अनेक कारणांनी वरखाली होतो. शिवाजीनगरला २०१९ च्या एप्रिलअखेरीस ४३ अंशांची नोंद झाली. पण ३० एप्रिल १८९७ रोजीही पुण्यात ४३.३ अंश तापमान नोंदले गेले होते. तेव्हा एखाद्या दिवसाच्या उच्चांकावरून "झाडे तोडली म्हणून हे झाले" असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. झाड गेलेल्या जागी जमीन किती तापली, हे मात्र थेट मोजता येते.

काळे जंगल गार का?

येथे एक कोडे उभे राहते. काळा रंग उष्णता शोषतो, हे आपण शाळेत शिकलो. वरून पाहिले तर दाट जंगल काळपट दिसते. ते आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के परत फेकते. कोरडे गवत किंवा फिकट मुरमाड माती वीस टक्क्यांहून अधिक परत फेकते. म्हणजे जंगल उघड्या माळापेक्षा अधिक ऊन गिळते. मग ते अधिक तापायला हवे. प्रत्यक्षात मात्र जंगल गार असते. हे कसे?

उत्तर पाण्यात आहे. झाड मुळांवाटे खोलवरचे पाणी वर ओढते आणि पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून ते वाफेच्या रूपाने सोडते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ही उष्णता झाड पानावर पडलेल्या उन्हातून आणि भोवतालच्या हवेतून घेते. त्यामुळे पान तापत नाही. आपल्या अंगाला घाम येतो आणि वारा लागला की गार वाटते, तसाच हा प्रकार आहे. मावशींच्या गोणपाटातही तेच घडते.

थोडा हिशेब करून पाहू. मुळांशी पाणी असलेले मोठे झाड उन्हाळ्याच्या एका दिवसात शंभर लिटर पाणी सहज वाफेत घालवते. त्यासाठी लागणारी उष्णता विजेच्या भाषेत सांगायची तर सुमारे ६८ युनिट होते. घरातले दीड टनाचे वातानुकूलन यंत्र सलग तेरा तास चालवले, तर ते जवळपास तेवढीच उष्णता खोलीतून बाहेर काढते. फरक असा, की यंत्र ती उष्णता, आणि वर विजेची आणखी भर घालून, शेजारच्या गल्लीत ओतते. झाडाने वापरलेली उष्णता वाफेबरोबर उंच जाते आणि ढग बनताना आकाशात मोकळी होते. गल्लीतल्या माणसाला तिचा ताप होत नाही.

ह्याखेरीज झाडे आणखी दोन कामे करतात. पहिले काम सावलीचे, ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कमी माहितीचे आहे. झाडांचे शेंडे उंचसखल असल्यामुळे त्यांच्यावरून जाणारा वारा घुसळला जातो आणि पृष्ठभागाची उष्णता वर वाहून नेतो. सपाट माळावर ही घुसळण कमी होते आणि उष्णता जमिनीलगत साचते.

आता झाड तोडले की काय होते, ते स्पष्ट होईल. सावली जाते, वाऱ्याची घुसळण कमी होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमिनीचा घाम थांबतो. पूर्वी जी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत होती, ती आता माती, दगड आणि डांबर तापवू लागते. बाहेर पडण्याची मुख्य वाट बंद झालेली उष्णता जागच्या जागीच राहते.

हा नियम पृथ्वीवर सगळीकडे सारखाच लागू पडत नाही, हेही नमूद केले पाहिजे. सायबेरिया किंवा उत्तर कॅनडासारख्या हिमप्रदेशात जंगल तोडले तर खालचे पांढरे बर्फ उघडे पडते आणि ते ऊन परत फेकते. तेथे जमीन थंडही होऊ शकते. आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातील देशांत मात्र जंगल गेल्याने जमीन तापते, ह्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद नाही.

बाग गेली, नाव राहिले

पुन्हा मंडईकडे वळू. ही देखणी दगडी इमारत १८८६ साली खुली झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावावरून ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. योगायोग असा, की आपला पुणे धर्मप्रांतही त्याच वर्षी स्थापन झाला. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे.

मंडईच्या आत शिरल्यावर जाणवणारा गारवा उंच कौलारू छताचा आहे. तापलेली हवा वर जाते आणि खाली माणसांना वारा मिळतो. बाहेर पाऊल टाकताच हे सुख संपते. तेथे डांबर, सिमेंट, वाहने आणि रंगीत छत्र्या. २०२४ च्या सप्टेंबरपासून मंडईच्या पोटाखालून मेट्रोही धावू लागली आहे.

पण ह्याच परिसरातील नावे पाहा : तुळशीबाग, बेलबाग. थोडे पुढे रमणबाग, हिराबाग, सारसबाग. पेशवाईच्या काळात ही जागा बागांची होती. आज तुळशीबागेत भांडी आणि बांगड्या मिळतात. मोकळी माती हातभरही सापडायची नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांना निदान मोकळे चौक होते, विहिरी होत्या, परसात एखादे झाड होते. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा चौक आणि परसही गेले. बागेचे नाव राहिले, पण बागेचे काम करणारे कोणी राहिले नाही.

टेकड्यांची कहाणी

शहराभोवतीच्या टेकड्यांची गोष्ट मात्र सरळ रेषेत जाणारी नाही. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत पर्वती उघडीबोडकी दिसते. चराई, सरपण आणि कोळसा ह्यांसाठी शहराने आसपासचे रान केव्हाच खाऊन टाकले होते. मावळ-मुळशीकडचे लाकूड आणि कोळसाही पुण्याच्या चुलींसाठी येत असे. पुढे वन खात्याने आणि नागरिकांनी टेकड्यांवर वृक्षारोपण केले. आज वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर जी झाडी दिसते, तीत लावलेल्या झाडांचा वाटा मोठा आहे.

त्यातही एक मर्म आहे. टेकड्यांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते भराभर वाढते. पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ते निष्पर्ण होते. पान नसेल तर घामही नाही. म्हणजे जमिनीला गारव्याची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हा हे झाड रजेवर गेलेले असते. उलट वड, जांभूळ आणि आंबा बारमाही हिरवे असतात. कडुनिंब आणि करंज ह्यांना चैत्राच्या सुमारास नवी पालवी फुटते. "किती झाडे?" ह्या प्रश्नाबरोबरच "कोणती झाडे आणि एप्रिलमध्ये त्यांवर पाने किती?" हाही प्रश्न विचारला पाहिजे.

१९९७ साली पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतील टेकड्यांची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्यात आली. नागरिकांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१५ साली राज्य शासनाने ह्या आरक्षणावर शिक्कामोर्तब केले. आरक्षण झाले म्हणजे जंगल झाले, असे मात्र होत नाही. कागदावरचा हिरवा रंग घाम गाळत नाही.

दिवसाचे चित्र वेगळे, रात्रीचे वेगळे

शहर नेहमीच खेड्यापेक्षा गरम असते, अशी आपली समजूत आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१७ साली उपग्रहांच्या नोंदींवरून भारतीय शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. पावसाळ्यापूर्वीच्या उन्हाळ्यात, दिवसा, बहुतेक शहरांचा पृष्ठभाग भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा थोडा थंडच आढळला. रात्री मात्र शहरे अधिक गरम होती.

पुण्याबाहेर पडून सासवडच्या किंवा दौंडच्या वाटेला लागले, की ह्याचे कारण डोळ्यांनी दिसते. रब्बीचे पीक निघालेले असते, शेते नांगरून पडलेली असतात, बांधावरची झाडे विरळ झालेली असतात. मैलोन्‌मैल वाळलेले गोणपाट! शहरात निदान रस्त्याकडेची, बंगल्यांतली काही झाडे आणि इमारतींची सावली असते. ह्याचा अर्थ सिमेंट चांगले असा नव्हे. पाणी आणि पाने नसतील, तर शेतसुद्धा डांबरासारखे तापते, एवढाच त्याचा अर्थ.

रात्री पारडे फिरते. मोकळे माळरान सूर्यास्तानंतर लवकर निवते. मंडईभोवतालच्या अरुंद गल्ल्यांत दगड आणि सिमेंट ह्यांनी दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत भिंतींतून बाहेर येत राहते. तिचा त्रास पहिल्यांदा कोणाला होतो? पत्र्याखाली झोपणाऱ्याला, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला, दिवसभर उन्हात बसून आलेल्या भाजीवालीला. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, की आजार बळावतो. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे काढता येत नाही, असे आवर्जून सांगितले आहे. मंडईच्या गल्लीत ते अंगावर अनुभवता येते.

सह्याद्रीचा श्वास

जंगलाचा हा घाम वाया जात नाही. तो वाफ होऊन वाऱ्याबरोबर पुढे जातो आणि अन्यत्र पावसाच्या रूपाने पडतो. पश्चिम घाटातील जंगलांतून उठणारी वाफ थेट तामिळनाडूच्या मोसमी पावसात भर घालते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. घाटातील जंगले नाहीशी झाली तर तामिळनाडूत पाऊस घटेल आणि तेथील भूपृष्ठाचे सरासरी तापमान सुमारे पाव अंशाने वाढेल, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. पाव अंश हा आकडा लहान वाटेल. पण ती एका अख्ख्या राज्याची सरासरी आहे, आणि झाडे तोडली जाणार आहेत दुसऱ्या राज्यांत! आपल्या डोंगरावरचे झाड दुसऱ्याच्या अंगणाला गारवा देत असते.

मूळचे जंगल कसे होते, हे पाहायचे असेल तर मावळ-मुळशीतील देवराया पाहाव्यात. पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक ह्यांनी १९७० च्या दशकात ह्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. गावकऱ्यांनी श्रद्धेने राखलेल्या ह्या रायांत भर उन्हाळ्यातही जमीन पालापाचोळ्याने झाकलेली आणि ओलसर असते. शंभर पावलांवरचा उघडा माळ मात्र पायाला चटके देतो.

माझी एक चूक

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात सेवेत होतो. चर्चच्या पटांगणात करंजाची दोन जुनी झाडे होती. पावसाळ्यात चिखल होई, वाहने उभी करायला जागा पुरत नसे, पानांचा कचरा पडे. आम्ही रीतसर परवानगी घेतली, झाडे काढली आणि सबंध पटांगणात सिमेंटचे ठोकळे बसवले. आवार स्वच्छ, नीटनेटके दिसू लागले. सर्वांनी कौतुक केले. मलाही समाधान वाटले.

पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या शेवटी, शुभ शुक्रवारी दुपारी, आम्ही त्याच पटांगणात क्रुसाची वाट सुरू केली. नेहमीप्रमाणे अनेक भाविक, विशेषतः वयस्कर स्त्रिया, अनवाणी आल्या होत्या. तिसऱ्या स्थानापाशी पोहोचेपर्यंत रांग विस्कटली. माणसे भिंतीच्या वीतभर सावलीला जाऊन उभी राहिली. लहान मुले एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. एक आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. प्रार्थना संपल्यावर त्यांच्या तळव्यांना फोड आलेले आम्ही पाहिले. त्या तक्रारीचा एक शब्दही बोलल्या नाहीत. त्याआधीची कित्येक वर्षे त्याच जागी, त्याच तारखांच्या आसपास, करंजाच्या कोवळ्या पालवीखाली मातीवर अनवाणी उभे राहून ही भक्ती झाली होती आणि कोणाचा पाय भाजला नव्हता. ऊन तेच होते. आम्ही गोणपाट काढून टाकले होते.

आपल्या हातात काय आहे?

पुण्याचे हवामान आपल्याला बदलता येणार नाही. आपल्या आवाराच्या जमिनीचे तापमान मात्र निश्चित बदलता येईल.

पहिली गोष्ट, असलेले मोठे झाड वाचवणे. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ सालापासून कायदा आहे. खाजगी किंवा चर्चच्या जागेतील झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पण परवानगी मिळते म्हणून तोडावेच असे नाही. आमच्याकडेही परवानगी होती. "एकाच्या बदल्यात दहा रोपे लावू" हे समाधानही फसवे आहे. गारवा पानांच्या पसाऱ्यावर अवलंबून असतो, आणि दहा रोपांचा पसारा जुन्या झाडाएवढा व्हायला एक पिढी जाते.

दुसरी गोष्ट, सगळे आवार सिमेंटने झाकू नये. वाहनांपुरता पट्टा पक्का करावा, उरलेली माती मोकळी ठेवावी. झाडाच्या बुंध्याभोवती तर सिमेंट नकोच. पावसाचे पाणी आत मुरले नाही, तर उन्हाळ्यात झाडाला घाम गाळायला पाणी कोठून मिळणार? दफनभूमीची आवारेही ह्या कामी उपयोगी आहेत. तेथील मोकळ्या कडेला बारमाही हिरवी झाडे शांतपणे वाढू शकतात.

तिसरी गोष्ट, झाड लावताना एप्रिलचा विचार करावा. वड-पिंपळ भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी. आवारात कडुनिंब, करंज, जांभूळ, आंबा. लावल्यावर निदान तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरल्याशिवाय वृक्षारोपणाचा फोटो काढू नये.

ज्या धर्मग्रामाची गोष्ट मी सांगितली, तेथे माझ्यानंतर आलेल्या धर्मगुरूंनी पटांगणाच्या पश्चिमेकडचे ठोकळे उचकटून पुन्हा करंज लावले आहेत. गेल्या वर्षी मी मुद्दाम जाऊन पाहिले. झाडे आता पुरुषभर उंच झाली आहेत. सावली अजून चार माणसांपुरतीच आहे. त्या सावलीत कोणीतरी एक बाक ठेवला आहे, आणि बाकाखालची माती हाताला गार लागते.